काहीच न करण्याची अट

आठवणी म्हातारपणी लिहायच्या असतात, असं आमच्या कामगार संघटनेतल्या तिघांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगून झालं. मी एकतीस वर्षांची आहे. पण आमच्या गोडादऱ्यात, या कापड कामगारांच्या वस्तीत, म्हातारपण लवकर येतं. आप्पांचे कान चाळिशीतच गेले, यंत्रमागांच्या, आमच्या भाषेत लूमच्या, खडखडाटात. मायचे डोळे साड्यांवर खडे चिकटवून गेले. तेव्हा वाट बघत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. मला लिहायचं आहे माझ्या ताईबद्दल, वंदनाताईबद्दल, आणि गणितातल्या एका प्रमेयाबद्दल. ते प्रमेय मी विसाव्या वर्षी पत्रकात छापून गल्लीगल्लीत वाटलं होतं. जगात दुसऱ्या कुणी असला उद्योग केला असेल असं वाटत नाही. केला असेलच, तर माझ्याइतकी माती खाल्ली नसेल.

घर म्हणजे खाली एक खोली आणि वर एक. मागच्या बाजूला लूमचं खातं, म्हणजे कारखाना, भिंतीला भिंत लागून. दिवसभर तो आवाज आमच्या भांड्यांत, खाटेत, पाण्याच्या हंड्यात थरथरत असायचा. शांतता यायची ती फक्त वीज गेल्यावर, आणि ती आली की रातपाळी करून दुपारी झोपलेले आप्पा दचकून उठायचे. खालच्या खोलीत मायचा संसार आणि मायचं काम एकाच सतरंजीवर. व्यापाऱ्याकडून साड्यांचं पार्सल यायचं, सोबत खड्यांच्या पुड्या आणि डिंकाच्या नळ्या. माय स्टीलच्या ताटलीत खडे पसरायची, काडीच्या टोकाने एकेक उचलायची आणि पदरावर बसवायची. जेवताना ठेच्याबरोबर दाताखाली कडकन काही आलं की ते मिरचीचं बी नसायचं. जनगणनेला आलेल्या बाईंनी विचारलं, "आई काय करते?" आणि शेजारच्या काकांनी परस्पर सांगून टाकलं, "काही नाही, घरीच असते." तेव्हा मी नववीत होते. त्या काकांशी मी अजून बोलत नाही.

वरची खोली ताईची. तिला फळा हवा होता, तर आप्पांनी एका रविवारी अख्ख्या भिंतीला काळा रंग फासून दिला. दोन हात मारले, तरी ओल वर यायचीच. ताई गणितात एम.एस्सी. झाली आणि पीएच.डी.ला लागली, ती सगळी या भिंतीवर. सकाळी कळण्याची भाकरी एका हातात, खडू दुसऱ्या हातात. भाकरीला खडू लागायचा, भिंतीला तेल. रविवारी मात्र शेवभाजी असायची आणि त्या दिवशी ती खाली बसून, दोन्ही हात धुऊन जेवायची. नातेवाईक आले की विचारायचे, "अजून शिकतेच का ही?" यात आजार विचारल्याचा सूर असायचा. माय म्हणायची, "शिकस. तुम्हले चहा टाकू का?"

मी कॉलेज सोडून संघटनेत गेले होते. कारागिरांची हजेरी, बारा तासांची पाळी, खात्यांमध्ये बायकांना नसलेला संडास, यावर पत्रकं लिहायची. आमचे जगनभाऊ, ज्यांनी मला लिहायला शिकवलं, त्यांचा नियम होता: एक पान, तीन मागण्या, आणि 'कदाचित' हा शब्द बंद. "कदाचित लिहिलंस की माणूस त्या कागदात खमण बांधून नेतो," ते म्हणायचे. मी कदाचित लिहीत नसे. मला सगळंच शंभर टक्के माहीत असे.

ताईच्या गणिताला मी आधी हसायचे. एकदा चिडून म्हणाले, "इथे माणसं लूमवर मरतात आणि तू हवेतल्या रेघा मोजतेस." ती चिडली नाही. मला हाताला धरून खाली मायसमोर नेऊन बसवलं. "माय, ही साडी. काठाला लेस लावायची आहे आणि पदराला खडे. आधी काय करशील?" माय म्हणाली, "काही बी. लेस आधी का खडा आधी, साडी तीच व्हस." "आणि खडे आणि इस्त्री?" माय हसली. "आधी खडा लाया आन मंग इस्त्री फिरवी, तं डिंक वितळी जाई ना वं! इस्त्री पहिले." ताई माझ्याकडे वळली. "हेच माझं गणित. काही कामं एकमेकांच्या आधी-नंतर कशीही केली तरी चालतात, काहींचा क्रम बदलला की सगळं बिघडतं. मी ज्या कामांचा अभ्यास करते ना, ती साडीवर नाही, अनंत दिशा असलेल्या एका अवकाशावर चालतात. त्यांना ऑपरेटर म्हणतात. पण प्रश्न मायचाच आहे."

मग तिने एक प्रमेय सांगितलं, जुनं, दुसऱ्या कुणाचं; तिचं स्वतःचं काम त्यावर उभं होतं. मी ते आजही तिच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांचं काय झालं ते पुढे येईलच. आपल्याकडे कामांची एक यादी आहे. आता अशी सगळी कामं शोधायची, जी यादीतल्या प्रत्येक कामाच्या आधी-नंतर कशीही चालतात. ही दुसरी यादी. आता त्या दुसऱ्या यादीतल्या प्रत्येकाशी ज्यांचं असंच जमतं, त्यांची तिसरी यादी करायची. दोनदा वळसा घातला. या तिसऱ्या यादीत आपली मूळ कामं तर येतातच, पण आणखी कोण येतं? प्रमेय म्हणतं, उपरे कुणी नाही. फक्त तीच कामं येतात, ज्यांच्या आपण मूळ यादीतल्या कामांनी हवं तितकं जवळ जाऊ शकतो. "बघ मने," ताई म्हणाली, "वळसा घालताना आपण जवळ-लांब हा शब्दही काढला नव्हता. फक्त क्रम बघत होतो. आणि हातात आलं ते जवळपण." भिंतीमागे लूम चालू होते. ताईच्या गालाला खडू लागला होता. मी तिला इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती आणि मला तिचा हेवा वाटला, हे आता लिहून टाकते. माझ्या मागण्यांनी मला असा आनंद कधी दिला नव्हता. मिळालेल्यांनीही.

अटीही होत्या. यादीतल्या कामांची बेरीज-गुणाकार यादीतच राहायला हवेत, प्रत्येक कामाचं आरशातलं रूप यादीत हवं. आणि एक अट मला फार आवडली: काहीच न करणं, म्हणजे साडी जशी आहे तशी ठेवणं, हेही एक काम धरून यादीत हवं. मी त्यावर लगेच पत्रकासाठी दोन ओळी केल्या होत्या, घरी 'काहीच न करणाऱ्या' बायकांबद्दल. ताई म्हणाली, "छान आहेत. पण गणितात याचा तसा अर्थ नाही. माझं नाव घालू नकोस खाली."

तिचा प्रबंध पूर्ण झाला. बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल चांगले आले. तोंडी परीक्षेची तारीख ठरली. त्याच महिन्यात एका कॉलेजात कायम जागेची मुलाखत होती, तिची शिष्यवृत्ती केव्हाच संपली होती, आणि त्या जागेसाठी पदवी हातात असणं सक्तीचं होतं. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. आप्पांनी पाळी बदलून घेतली. आणि मी, न विचारता, पत्रक काढलं: "गोडादऱ्याची लेक गणिताची डॉक्टर! लूम कामगाराच्या मुलीने सिद्ध केले नवे प्रमेय! चला विद्यापीठात!" पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, कुणीही जाऊन बसू शकतं, हे मला कळलं होतं, आणि जे खुलं आहे तिथे आपली माणसं का नसावीत, असा माझा सवाल होता. तो सवाल आजही बरोबर वाटतो. अख्ख्या वस्तीत पत्रक गेलं. आमच्या वस्तीत बातमीदार येतात ते चाकू चालला की. मला एकदा तरी दुसरी बातमी हवी होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी खडे लावणाऱ्या सात-आठ बायका वरच्या खोलीत येऊन बसल्या. उद्या काय ऐकायचंय ते आधी कळावं, म्हणून मीच बोलावलं होतं. शेजारच्या शोभामावशी सगळ्यांत पुढे. ताईने साडी, लेस, इस्त्री असं सगळं सांगितलं, बायका माना डोलावत होत्या. मग ती अटींवर आली. आता मला जगनभाऊंनी लावलेली सवय: समोरच्याने काही सांगितलं की पुरावा मागायचा. मी म्हटलं, "ताई, तुझ्या चौथ्या प्रकरणात तू हेच प्रमेय वापरलंयस ना? मग तुझ्या तिथल्या यादीत ते काहीच न करणं आहे का?"

"आहे ना," ती म्हणाली. मग, "असायलाच..." आणि थांबली.

खडू भिंतीला टेकलेलाच राहिला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शोभामावशी हळूच म्हणाल्या, "काय व्हयनं वं?" ताईने ओढणीने भिंतीचा एक कोपरा पुसला आणि लिहायला लागली, जणू खोलीत कुणी नव्हतंच. बायका एकेक करून जिना उतरल्या. मायने वर खिचडी पाठवली, ती तशीच निवली. ऊन उतरल्यावर ताई खाली आली आणि आम्हा तिघांसमोर सतरंजीवर बसली. आप्पांना ऐकू यावं म्हणून ती मोठ्याने बोलत होती, त्यामुळे गल्लीलाही ऐकू गेलं. तिच्या यादीतलं प्रत्येक काम त्या अवकाशातला एक कोपरा पार शून्य करून टाकत होतं. सगळीच्या सगळी कामं, तोच कोपरा. मग काहीच न करणं तिच्या यादीत नव्हतं, आणि यादीतली कामं त्याच्या जवळही जाऊ शकत नव्हती. पण दोन वळसे घातले की ते तिसऱ्या यादीत आपोआप येऊन बसतं. म्हणजे उपरा आला. म्हणजे चौथ्या प्रकरणातला मुख्य निकाल, जसा लिहिलाय तसा, खोटा.

"कुणाला कळलंय?" मी विचारलं.

"तुला."

"मग झालं तर. परीक्षकांनी वाचून पास केलंय. गप्प बस उद्याचा दिवस."

तिने तिच्या सरांना फोन लावला. सर सज्जन होते, तिच्यावर त्यांचा जीव होता. फोनमधून त्यांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता: "बेन, पहेलां डिग्री लई लो. पछी सुधारजो." मी म्हटलं, "बघ! सरही तेच म्हणतायत, आधी पदवी घे, मग दुरुस्त कर." ताई मायकडे बघत बसली. माय त्या दिवशीच्या साड्यांच्या घड्या घालत होती. मायच्या धंद्यात एक रीत आहे. पार्सल उघडल्यावर एखाद्या साडीला आधीचाच डाग किंवा तुटका धागा दिसला, तर तिला काम सुरू करण्याआधी लाल दोरा बांधून बाजूला ठेवतात आणि शेटला सांगतात. माय घडीवरून हात फिरवत म्हणाली, "डाग शे ना? मंग आधीच सांगी दे. मांगून सापडना तं आपलाच नाववर येस." मग जरा थांबून, "नोकरी भेटाव नही का मंग?" ताई म्हणाली, "ही नाही भेटणार." मायने मान हलवली आणि पुढची घडी घेतली. आप्पांना किती ऐकू आलं, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या तीसेक बायका आणि पाच-सहा कारागीर विद्यापीठाच्या फाटकाशी उभे. वॉचमन अडवून म्हणाला, "कौनसा फंक्शन है?" मी म्हटलं, "गणित." त्याने सगळ्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी भांडणाच्या तयारीत होते, पण शोभामावशी म्हणाल्या, "हमारी लडकी का है," आणि चालायला लागल्या. त्यांच्या मागे सगळे. सेमिनार हॉल भरला. मागे टेबलावर लोचो आणि पेढ्यांची खोकी, कारण परीक्षा देणाऱ्याने नाश्ता द्यायचा, अशी तिथली पद्धत. पास झाल्याशिवाय खोकं उघडत नाहीत. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या राज्यातून आलेले, पांढऱ्या दाढीचे, पहिल्या रांगेत कडेला बसलेले. ताईने नमस्कार केला, पडद्यावर पहिली स्लाइड दाखवली आणि म्हणाली, "सर, शुरू करने से पहले एक बात. चौथे चॅप्टर का मेन रिझल्ट गलत है. मुझे कल पता चला."

तिचे सर खाली बघायला लागले. परीक्षकांनी प्रबंध उघडला, पानं उलटली, चष्मा काढला, परत लावला. मी माझ्या मांडीवरच्या उरलेल्या पत्रकांकडे बघत होते: 'सिद्ध केले!' मग परीक्षक म्हणाले, "हाँ. यह मुझसे भी छूट गया." आणि थोड्या वेळाने, "तो बचता क्या है? बताइए."

त्यानंतरचा तास मी आयुष्यभर विसरणार नाही. ताईने पडदा गुंडाळायला लावला आणि खडू घेतला. तो शून्य होणारा कोपरा तिने बाजूला काढला. उरलेल्या अवकाशात तिची यादी पुन्हा मांडली. तिथे तिची कामं काहीच न करण्याच्या हवं तितकं जवळ जात होती, तेवढं पुरत होतं, प्रमेय लागू होत होतं. मग एकेक निकाल तपासत गेली: हा राहतो, हा राहतो, हा जातो. "हा जातो" म्हणताना ती त्यावर सरळ रेघ मारायची, आवाज न बदलता. मी मोर्चे पाहिलेत, मालकांच्या तोंडावर बोलणारी माणसं पाहिलीत, पोलिसांच्या गाडीत गाणारी पाहिलीत. स्वतःच्या पाच वर्षांवर स्वतःच्या हाताने रेघ मारणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मध्येच परीक्षक कडेची खुर्ची सोडून मधोमध येऊन बसले आणि वहीत उतरवून घ्यायला लागले. बायकांना अर्थातच काही कळत नव्हतं, पण एकही उठली नाही. शेवटी परीक्षकांनी निकाल सांगितला: चौथं प्रकरण नव्याने लिहा, प्रबंध परत सादर करा, परीक्षा पुन्हा होईल. ताई म्हणाली, "जी." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. पास की नापास, हे त्यांना मीच जाताना सांगितलं. खोकी उघडायची की नाही यावर जरा कुजबूज झाली. परीक्षकांनीच जाऊन पेढा उचलला.

परतताना रिक्षात मी फुटले. "कुणाला कळलं नसतं! अरे, त्या म्हाताऱ्याला कळलं नव्हतं, आणखी कुणाला कळणार होतं? नोकरी गेली. पुन्हा ट्यूशन. पुन्हा 'अजून शिकतेच का ही'." ताई बाहेर रस्त्याकडे बघत होती. मग वळून म्हणाली, "परवा खात्यासमोर भाषणात काय ओरडत होतीस? मालक हजेरीपुस्तकात खोटं लिहितो. ते तरी कुणाला कळतं, मने? त्याने लिहिलं आणि झालं." रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता, मी त्याच्यावर खेकसले.

पदवी तिला पुढच्या वर्षी मिळाली, लहान झालेल्या प्रमेयावर. ती कायम जागा दुसऱ्याला गेली ती गेलीच. आज ती एका कॉलेजात कंत्राटावर शिकवते, दर वर्षी नव्याने अर्ज करते, आणि याबद्दल मी लिहिलेली पत्रकं तिला दाखवायला नेली की त्यातल्या आकड्यांखाली पेन्सिलीने खुणा करते: हा कुठून आणलास? मला राग येतो. मग मी जाऊन शोधून आणते.

पण त्या आठवड्याचं सांगते. मी जगनभाऊंना म्हटलं, दुरुस्तीचं पत्रक काढायचं आहे. ते म्हणाले, "माघारीचं पत्रक? लोक हसतील." मी म्हटलं, "हसू देत." पाच ओळी होत्या: मागच्या पत्रकात आम्ही लिहिलं ते पूर्ण खरं नव्हतं. प्रमेयाचा एक भाग चुकला. चूक वंदनाताईंनी स्वतः पकडली आणि स्वतः सांगितली. उरलेला भाग खरा आहे. पदवी अजून मिळालेली नाही. उद्गारचिन्ह एकही नव्हतं. आप्पांनी घडी करून खिशात घातलं आणि खात्यात घेऊन गेले. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून वाटत होते. शोभामावशींना वाचता येत नाही, त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

"आन ते दिवाळीना संपनं पत्रक?" त्या म्हणाल्या. "त्यामा लिखेल व्हतं ते बठ्ठं खरं व्हतं का?"

आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. संपाच्या त्या पत्रकात मी लिहिलं होतं की शहराच्या दुसऱ्या भागातली, भेस्तानची, सगळी खाती आपल्याबरोबर बंद राहणार आहेत. ते वाचून आमच्या गल्लीतले चौघे कामावर गेले नव्हते, आणि त्यातला एक मावशींचा नवरा होता. भेस्तानला मी गेलेच नव्हते. तिथली खाती बंद राहणार असं कुणीतरी म्हणालं होतं; ती चालूच राहिली.

"एक वाक्य खोटं होतं, मावशी."

"कोनतं?"

मी सांगितलं. त्यांनी पत्रक माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घातली, पोलक्यात खोचलं आणि रस्त्याकडे हात केला.

"मंग आते तरी जाईसन ये भेस्तानले. रिक्षा आठूनच भेटस."